मेन स्विचपूजन सोहळा

सहकारी साखर कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एकट्यानं काही करायची सवय राहत नाही. बनियन घ्यायचं म्हटलं तरी त्याला वाटतं, आधी सभा बोलवावी, एकानं सूचक व्हावं, दुसऱ्यानं अनुमोदन द्यावं आणि चहा झाल्यावर बनियनचा विषय पुढच्या सभेवर ढकलावा. बद्रीनाथराव त्यातलेच. शेतकी विभागात ओव्हरसियर म्हणून त्यांनी माजलगाव भागातल्या हजारो एकर उसाच्या नोंदी केल्या होत्या आणि निवृत्तीनंतर माजलगावातच एका कॉलनीत घर बांधलं होतं. त्यामुळे त्यांना जेव्हा एक गाडी घ्यावीशी वाटली तेव्हा त्यांनी गाडी घेतली नाही. त्यांनी संस्था काढली.

गाडीही काही साधीसुधी नव्हती. बरकतीच्या दिवसांत कारखान्यानं संचालकांच्या अभ्यासदौऱ्यांसाठी एक मिनीबस आतून घरासारखी करून घेतली होती. आत एक पलंग, एक बेसिन, गॅसची शेगडी, पडद्याआड संडास, तळाला तीनशे लिटरची टाकी आणि तिचं पाणी नळाला चढवणारा छोटा पंप. संचालकांनी तिच्यात बसून नेमका कशाचा अभ्यास केला हे विचारायची पद्धत नव्हती. पुढं ओळीनं पाऊस रुसला, धरणात मृतसाठा उरला, होता तो ऊस जनावरांच्या छावण्यांना गेला आणि कारखान्याची चिमणी गार पडली. मग कारखान्यानं जे जे विकण्याजोगं होतं ते लिलावात काढलं, त्यात ही गाडीही निघाली.

बद्रीनाथरावांना ती हवी होती एकाच कारणासाठी. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई यांच्या मणक्यात दोष होता. तासाभराच्या वर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एसटीनं नेकनूरला लग्नाला जायचं तरी त्यांना धडकी भरायची. आणि सुभद्राबाईंची धाकटी बहीण छबुबाई दोन वर्षांत दिसली नव्हती. ती सिरसाळ्याकडची, नवऱ्यासोबत कोयता घेऊन इंदापूरकडं ऊसतोडीला जायची. एरवी दसऱ्यानंतर गेलेली पाडव्याला परत यायची. पण गावात प्यायला पाणी नाही म्हटल्यावर दोन वर्षं ती ऊस संपला की तिकडंच वीटभट्टीवर थांबत होती. दर संक्रांतीला सुभद्राबाई तिच्या नावाचं वाण बाजूला काढून ठेवायच्या, आणि ते फडताळात तसंच राहायचं. यंदा ते वाण छबूच्या हातात नेऊन द्यायचं, असा शब्द बद्रीनाथराव देऊन बसले होते. झोपून जाता येईल अशी गाडी मिळाल्याशिवाय तो शब्द पुरा होणार नव्हता.

अशी 'सेवानिवृत्त कर्मचारी सहकारी पर्यटन संस्था' जन्माला आली. अध्यक्ष भगवानराव. हे कारखान्याचे माजी कार्यालय अधीक्षक. तीस वर्षं निरनिराळ्या चेअरमनांच्या मागं हार धरून उभे राहिलेले, त्यामुळे आता हार आपल्या गळ्यात पडावा अशी त्यांची माफक अपेक्षा होती. उपाध्यक्ष आप्पाराव, माजी बॉयलर फोरमन. अध्यक्षपद आपल्याला मिळालं नाही हे ते विसरले होते, असं ते दिवसातून दोनदा सांगत. चिटणीस बद्रीनाथराव. वर्गणी काढून लिलावात घेतलेली गाडी त्यांच्याच दारात उभी राहिली, कारण बाकी कुणाच्या दारात ती मावेना. चालवायला शहादेव, कारखान्याचाच जुना ड्रायव्हर. पहिला दौरा चिटणिसांचा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, असा ठरावही मंजूर झाला.

पहिली अडचण टाकीच्या पाण्याची. कॉलनीला सहा दिवसांआड टँकर येई. बद्रीनाथरावांनी गाडीसाठी पाणी मागणारा रीतसर अर्ज केला. टँकरच्या याद्या ठेवणाऱ्या कारकुनानं तो तीन वेळा वाचला.

"हे घर हाय का गाडी?" त्यानं विचारलं.

"दोन्ही," बद्रीनाथराव म्हणाले.

"घर आसंल तर घरपट्टी दाखवा. गाडी आसंल तर दुष्काळात गाड्या धुवायला बंदी हाय."

"धुवायला नको. प्यायला पाहिजे."

"गाडी पानी पिती व्हय?" असं म्हणून त्यानं अर्ज अशा फायलीत ठेवला की तो आजही तिथंच असावा. शेवटी नवरा-बायकोनं आपल्याच वाट्यातून रोज दोन घागरी बाजूला काढून ती टाकी पंधरवड्यात भरली. त्या काळात बद्रीनाथराव दिवसाआड आंघोळ करत होते, ही गोष्ट त्यांनी संस्थेच्या इतिवृत्तात नोंदवलेली नाही.

मग उद्घाटन. साखर कारखान्याचा माणूस पूजेशिवाय यंत्राला हात लावत नाही. तिथं हंगाम सुरू होताना आधी बॉयलर पेटवायचा सोहळा होतो, मग मोळी टाकायचा. दोन्हींना पाहुणे वेगळे आणि रुसवे वेगळे. गाडीत कशाची पूजा करावी यावर तासभर चर्चा झाली. इंजिन फळीखाली, तिथं अध्यक्षांचं पोट जाऊ देईना. तेव्हा आप्पारावांना आपलं खातं आठवलं. बेसिनच्या खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर एक काळा डबा बसवलेला होता आणि त्याच्या भोकात एक लाल चावी होती. तो बॅटरीचा मेन स्विच. चावी घालून फिरवली की गाडीत जीव. चावी काढली की दिवा, पंप, इंजिन सगळंच मेलं.

"गाडीचा बॉयलर म्हंजी ह्योच," आप्पाराव म्हणाले. "पूजा ह्याची करा."

भगवानराव कण्हत मांडी घालून बसले. मेन स्विचला पाणी शिंपडलं, हळद लावली, कुंकू लावलं, वर ओल्या कुंकवावर अक्षता डकवल्या, आणि बेसिनच्या लोखंडी पायावर नारळ फोडला तेव्हा अर्धं पाणी डब्यावर उडालं. ते शुभ आहे असं सगळ्यांचं मत पडलं. अध्यक्षांनी चावी घालून फिरवली, शहादेवनं स्टार्टर मारला आणि गाडी चालू झाली. टाळ्या वाजल्या. भाषणांत व्यत्यय नको म्हणून गाडी बंद करून चावी काढून ठेवली. भाषणं दीड तास चालली. सहकार, दुष्काळ आणि स्वतःची तीस वर्षं, या तिन्ही विषयांना भगवानरावांनी न्याय दिला. नंतर चावी पुन्हा घातली, फिरवली, आणि गाडीनं हूं की चूं केलं नाही.

ढकलली. साठी ओलांडलेले अकरा सभासद एका मिनीबसला जितकं ढकलू शकतात तितकी ती गेली, म्हणजे शेजारच्या भिवराबाईंच्या फाटकापर्यंत. भिवराबाई बाहेर आल्या, त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि त्यांचं लक्ष टाकीकडं गेलं.

"भाऊ, आता ही कवा चालू व्हईल?"

"दुरुस्तीचा ठराव घ्यावा लागेल."

"मंग पानी सडंल की!" भिवराबाई कळवळून म्हणाल्या. "पंप बी चालत न्हाई तुमचा. खालची तोटी सोडून काढून घ्यावं. लेकरं पितील, पुन्य लागंल."

दुष्काळात दुसऱ्याचं साठलेलं पाणी पाहिलं की कुणाचंही मन परोपकाराकडं झुकतं. पंधरा मिनिटांत रांग लागली आणि अर्ध्या तासात टाकी कोरडी झाली. बद्रीनाथरावांच्या न केलेल्या आंघोळी कॉलनीभर हंड्यांतून गेल्या. नाही म्हणायला त्यांचं तोंड उघडलं होतं, पण रांगेतल्या प्रत्येकानं त्यांना नमस्कार केल्यामुळे ते तसंच राहिलं.

दुरुस्तीला तीन दरपत्रकं लागत. गावातले बाकीचे वायरमन छावण्यांवर दिवे लावायला गेले होते, म्हणून विहिरींवरच्या जळक्या मोटारींचं वायंडिंग करणारा सुग्रीव एकटाच उरला. त्यानं तिन्ही दरपत्रकं स्वतःच लिहून दिली, तीन वेगळ्या शाईत, आणि त्यातल्या दुसऱ्यात तो मंजूर झाला. हातात टेस्टलॅम्प घेऊन तो गाडीत शिरला, डब्याच्या मागच्या अंगानं चाचपत राहिला. बॅटरीकडच्या वायरीला दिवा लागत होता, गाडीकडच्या वायरीला लागत नव्हता.

"स्विचच धरंना," तो म्हणाला. मग पान्यानं डब्याच्या कडेला चार टोले दिले, चावी दोनदा करकचून फिरवली आणि गाडी चालू झाली. "डायरेक्ट करून टाकू का? मदला स्विचच नगं. आमी समद्या रानातल्या मोटारी डायरेक्ट करतोत."

"नियमानं गाडीला मेन स्विच पाहिजे," बद्रीनाथराव म्हणाले. पस्तीस वर्षांत त्यांनी एकही नोंद डायरेक्ट केली नव्हती.

संक्रांतीला दोन दिवस होते. गाडी चालू होती. टाकीत पुन्हा आठ-दहा घागरी साठल्या होत्या. वाण पिशवीत भरून तयार होतं. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण आप्पाराव हजर झाले.

"पयलं पूजन अशुभ झालं," ते शांतपणे म्हणाले. "गाडी बंद पडली म्हंजी झालंच. मी कायी म्हनत न्हाई. पर पूजन उपाध्यक्षाच्या हातून व्हायला पायजे व्हतं, आसं चार लोक म्हनत्यात."

ते चार लोक कोण हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांतले तीन आप्पारावांचे व्याही होते. पूजन झालं. आप्पाराव मनाचे मोठे, त्यांनी अक्षता मूठभर वाहिल्या. हळदीचा थर पहिल्या थरावर बसला, नारळाचं पाणी पुन्हा उडालं, चावी घातली, गाडी चालू झाली, भाषणासाठी बंद केली. उपाध्यक्षांचं भाषण अध्यक्षांपेक्षा लहान होऊन चालणार नव्हतं. भिवराबाई तर आभारप्रदर्शनाच्या आधीच हंडा घेऊन तोटीपाशी येऊन बसल्या होत्या, आणि त्यांचा अंदाज चुकला नाही. भाषणानंतर गाडीनं पुन्हा दम सोडला आणि टाकी पुन्हा कोरडी झाली.

संक्रांत गेली. तिळगूळ वाटताना सुभद्राबाई एवढंच म्हणाल्या, "हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं." बद्रीनाथरावांना त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी जुन्या कागदांत गाडीची पुस्तिका शोधून काढली, चष्मा लावून मेन स्विचचं पान पाठ केलं, आणि दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचे सल्ले ऐकले. एकजण म्हणाला बॅटरीला गरम पाणी पाजा. दुसरा म्हणाला गाडी दक्षिणेकडं तोंड करून उभी आहे. तिसऱ्यानं नुसतं गाडीकडं पाहून मान हलवली आणि तो निघून गेला, आणि त्याचंच बद्रीनाथरावांना सगळ्यात जास्त लागलं.

शेवटी त्यांनी एक धाडस केलं. ठराव न घेता सुग्रीवकडून नवा कोरा मेन स्विच बसवून घेतला. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. दहादा बंद केली, दहादा चालू झाली. रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी टाकीही पुन्हा अर्धी भरली होती. कुणाला कळवलं नाही, हार नाही, भाषण नाही. फक्त एकच गोष्ट त्यांच्या मनाला खात राहिली. नवी वस्तू, आणि ती अशीच वापरायची? त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, देवघरातलं तबक आणलं आणि स्वतःच्या हातानं स्विचला हळदकुंकू लावलं. अक्षता मात्र मोजून पाच वाहिल्या. उधळेपणा त्यांना मुळातच नापसंत होता.

रथसप्तमीच्या सकाळी सात वाजता सुभद्राबाई पलंगावर आडव्या झाल्या. उशाशी वाणाची पिशवी. शहादेव जागेवर बसला. बद्रीनाथरावांनी चावी घातली, फिरवली. काही झालं नाही. पुन्हा फिरवली. शहादेव आरशातून बघायचं टाळत होता. बाहेर भिवराबाईंच्या हंड्याचा आवाज आला.

सुग्रीवला बोलावणं गेलं. तो आला, डब्यामागं चाचपला, म्हणाला, "नवा स्विच बी खराब निगाला." बद्रीनाथराव गाडीच्या पायरीवर बसले. त्यांना अतिशय लाज वाटली. कारखान्यात, सभेत, कॉलनीत अपमान झाले होते ते त्यांनी गिळले होते, पण आत पिशवी उशाशी घेऊन पडलेल्या बाईकडं पाहायची त्यांची छाती होईना.

"अहो," आतून सुभद्राबाईंचा आवाज आला. त्या कुशीवर वळल्या होत्या आणि बेसिनखालचा काळा डबा बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. आजवर त्याच्याकडं सगळ्यांनी उभ्यानं किंवा मांडी घालून पाहिलं होतं. झोपून पाहणाऱ्या त्या पहिल्याच. "ती चावी काढा बरं. भोकात तांदूळ हायेत."

"कसले तांदूळ?"

"अक्षता हो. आन् कुंकवाचा लगदा झालाय आत."

त्यांनी बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि पडल्या-पडल्या हात लांब करून भोकात घातली. एक अक्षत निघाली, दुसरी निघाली, तिसरी अर्धी तुटून निघाली. लाल-पिवळा लगदा निघाला. चावी घालताना या अक्षता आत रेटल्या जात होत्या आणि आतली पितळी पट्टी पट्टीला टेकू देत नव्हत्या. फुंकर मारून त्यांनी पदराच्या टोकानं भोक पुसलं. बद्रीनाथरावांनी चावी फिरवली. बेसिनवरचा दिवा लागला.

सुग्रीव शांतपणे पान खात होता.

"तुला हे दिसलं नाही?" बद्रीनाथराव त्याच्यावर ओरडले.

"पयल्याच दिशी दिसलं की."

"मग कावून नाही काढलं बे?" संतापात ओव्हरसियर साहेबांची भाषा रानावर गेली.

"पूजेचं हाय, साहेब," सुग्रीव दुखावून म्हणाला. "भगवानरावांनी लावलेलं म्या पुसायचं? आन् मंग उंद्या गाडीला कायी झालं तर नाव कुनाचं? माझं. म्हनून म्या म्हनत व्हतो, डायरेक्ट करा."

त्याच वेळी कॉलनीच्या कोपऱ्यावर भगवानराव दिसले. गाडी पुन्हा बंद पडल्याची बातमी भिवराबाईंनी पोहोचवली असावी, कारण त्यांच्या हातात नारळ होता आणि मागून आप्पाराव हार घेऊन झपाझप येत होते. बद्रीनाथराव आयुष्यात पहिल्यांदाच ठरावाविना बोलले.

"शहादेव, हाण!"

भिवराबाई रिकामा हंडा कमरेवर घेऊन बाजूला झाल्या. "अगं बाई, चालू झाली!" त्यांच्या तोंडून निघालं, आणि त्या इतक्या हिरमुसल्या की बद्रीनाथरावांना क्षणभर त्यांचंच वाईट वाटलं.

भीमेच्या काठावरच्या फडात ते दुपारी दोनला पोहोचले. इंदापूरच्या पुढं कुठंतरी, पाचटानं भरलेल्या रानात, उसाचा एक पट्टा कापायचा उरला होता. छबुबाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढत होती. तिनं मोळी आत टाकली, खाली उतरली, गाडीकडं पाहिलं आणि मग गाडीतून हात टेकत उतरणाऱ्या बाईकडं पाहिलं.

"आक्का! तू? कशी आलीस गं? बसवतं का तुला?"

"झोपून आले," सुभद्राबाई म्हणाल्या. दोघी एकमेकींचे हात धरून उभ्या राहिल्या. बद्रीनाथराव टायरांची तपासणी करत राहिले.

सुभद्राबाईंनी तिला गाडीत नेलं. हातपाय धुवायला नळ सोडून दिला. नळाखाली हात धरून छबुबाई जरा वेळ नुसतीच उभी राहिली, मग घाईनं बंद केला. "पानी सांडतंय," म्हणाली. वाणाची पिशवी काढेपर्यंत पलंगावर टेक, म्हणून आक्कानं तिला बसवलं. सुभद्राबाई करंडा उघडून वळल्या, तर छबू बसल्या जागी कलंडली होती. कपाळाला पाचटाची कुसळं तशीच, तोंड किंचित उघडं. पहाटे तीनपासून ती उभी होती.

बाहेर मुकादम हाका मारायला लागला. ट्रक भरायचा होता, छबूचा नवरा एकटा पडल्यानं जोडीचा एक कोयता अर्धा झाला होता. सुभद्राबाईंनी खिडकीतून नवऱ्याकडं पाहिलं आणि नुसता हात हलवला, उठवू नका म्हणून.

बद्रीनाथराव मुकादमाकडं गेले. आपण शेतकी विभागाचे माजी ओव्हरसियर आहोत, हे त्यांनी सांगितलं. मुकादमानं ते ऐकून घेतलं.

"बरं झालं, साहेब. मंग उसातलं कळत आसंल तुमाला. तिच्या मोळ्या कोन उचलनार?"

बद्रीनाथरावांनी आजूबाजूला पाहिलं. सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता. त्यांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, इस्त्रीच्या बाह्या वर केल्या आणि पुढं झाले. पहिली मोळी कमरेपर्यंत आली आणि सुटली. फडातल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एकीनं पुढं होऊन डोक्यावर चुंबळ ठेवून दिली, दुसरीनं मोळी चढवून दिली. पस्तीस वर्षं हा ऊस त्यांनी टनांत लिहिला होता. तो डोक्यावर घेतल्यावर कसा लागतो हे त्यांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी कळलं. ते फळीवर चढायला लागले. मुकादम "दमानं, साहेब," म्हणत खालून दोन्ही हात पसरून उभा होता, साहेब पडले तर झेलायला किंवा मोळी पडली तर.

तिसऱ्या मोळीला पाठीत काहीतरी कट्‌ झालं. चौथी त्यांनी तरीही नेली. पाचव्याला ते पाचटावर आडवे झाले आणि उठले नाहीत, तेव्हा ऊन कलायला लागलं होतं.

छबुबाई जागी झाली ती त्या गलक्यानं. धावत आली. "अगं बया! दाजी, मोळ्या वाहिल्या तुमी? कावून? लोक मला काय म्हनतील?"

"चारच," बद्रीनाथराव आकाशाकडं पाहत म्हणाले. "तू दिवसाला किती वाहतेस?"

हसत हसत तिनं डोळे पुसले आणि दोघा गड्यांना बोलावून दाजींना उचलून गाडीत नेलं. सूर्य मावळायच्या आत हळदीकुंकू झालं, घाईघाईत. वाण दिलं, तिळगूळ दिला. बोलायला वेळच उरला नाही. तिला कोपीवर, पाचटाच्या त्या झोपडीत, चूल पेटवायची होती, आणि शहादेवला उजेड असेपर्यंत मोठ्या रस्त्याला लागायचं होतं.

परतीच्या वाटेवर पलंग एक आणि पाठी दोन होत्या. अरुंद पलंगावर दोघं उलटसुलट पडले, यांचं डोकं त्यांच्या पायांशी. मग बद्रीनाथरावांना अपराधी वाटायला लागलं. एवढा खटाटोप, दोन वर्षांची वाट, आणि बहिणी चार शब्दही बोलल्या नव्हत्या.

"काय म्हणाली छबू?" त्यांनी विचारलं.

"काही न्हाई," सुभद्राबाई म्हणाल्या. "झोपली. पोटभर झोपली."

आणि पाहुणी दुसऱ्यांदा भात मागून जेवली हे सांगताना बाईच्या आवाजात असतो तसा त्यांचा आवाज होता.